दोनदा सरी

रविवारी सकाळी साडेसातला वैनीचा फोन आला. वैनी फोनवर कधी नीट सुरुवात करत नाही, एकदम मधूनच बोलू लागते. त्या दिवशी मात्र तिनं आधी माझं नाव घेतलं. "पुट्टी, हे गॅरेजमध्ये बसलेत. हाक मारली तरी उठेनात. तू ये स्वल्प." जे. पी. नगरात तिच्या आणि माझ्या घरात तीन गल्ल्या आहेत. मी घरातल्या चपलांवरच निघाले. पळाले नाही, चालत गेले... पळायला हवं होतं असं अजूनही वाटतं, पण पळून काही उपयोग नाही हे बहुधा पायांना कळलं होतं. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. आत माझा भाऊ, एकोजीअण्णा, भिंतीला पाठ टेकून त्याच्या बुटक्या लाकडी स्टुलावर बसला होता. समोरची फरशी रिकामी होती. त्याचा डावा हात मांडीवर होता आणि हलत नव्हता. दोन वर्षांत तो हात मी पहिल्यांदाच स्थिर पाहिला, म्हणून मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय त्र्याहत्तर, अंगात कंप, त्यात साखर. त्यांच्या दृष्टीनं विचारण्यासारखं काही नव्हतं. त्या रिकाम्या फरशीवर अकरा आठवड्यांपूर्वीपर्यंत एक इटालियन गाडी उभी असायची, हे डॉक्टरांना सांगून काय होणार होतं? गाडी विकली म्हणून माणूस मरत नाही, एवढं मलाही कळतं. तरी आज पाच आठवडे मी रोज तेच ते उगाळते आहे, कारण ती गाडी विकण्याच्या बोलण्यात एक शब्द होता, आणि त्या शब्दाचं भाषांतर मी केलं होतं.

आमचं घराणं बेंगळुरूत किती पिढ्यांचं आहे ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. शहाजीराजांच्या फौजेबरोबर कुणी पूर्वज आला आणि परत जायचं विसरला, असं वडील म्हणायचे. चामराजपेटेत आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढच्या खोलीत वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. घरात मराठीच बोलायचो, पण ती ऐकून पुण्याच्या माणसाला हसू यावं अशी. थोडं म्हणजे स्वल्प, मोठी बहीण म्हणजे अक्का, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'की'. शाळा कन्नड, त्यामुळे अण्णा मराठी लिहायचा तीही कन्नड लिपीत. आणि मग तो 'सरी'. कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक, बरं, हो. पण अण्णाचे सरी दोन होते. एकदा म्हणाला तर हो. दोनदा, 'सरी, सरी' असं घाईनं म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच की तुझं बोलणं माझ्या कानावर पडलं आहे, आता पुरे. त्यात होकार नसायचा, नकार द्यायचा कंटाळा असायचा. आई म्हणायची, "एकोजी जेवायला येतो का विचारा. एकदा सरी म्हणाला तर पान वाढा, दोनदा म्हणाला तर झाकून ठेवा." हे मला वयाच्या पाचव्या वर्षापासून ठाऊक आहे. वाचकांनी कृपा करून हे लक्षात ठेवावं.

मी बाविसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेले आणि चाळीस वर्षं तिथेच राहिले. एका कारखान्यात यंत्रांच्या इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायचं काम मी जन्मभर केलं. 'घट्ट करा' आणि 'आवळा' यातला फरक न कळणाऱ्या भाषांतरकारामुळे कामगाराचं बोट जाऊ शकतं, असं मी नव्या मुलींना ऐकवायची. सुरुवातीला सासरी माझ्या 'स्वल्प'वर सगळे हसले, मग मी ते शब्द एकेक करून टाकून दिले. यजमान गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी परत आले, तेव्हा अण्णानं स्टेशनावर माझी बॅग घेतली आणि म्हणाला, "अगदी पुण्याची होऊन आलीस की." मला ते कौतुक वाटलं होतं.

गाडीची गोष्ट त्याच्या बरीच आधीची, आणि ती मी पुण्यात बसून फोनवर ऐकली. अण्णाचं यशवंतपुरात छोटंसं वर्कशॉप होतं, एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि तो. बाजारातल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याच्या मोठ्या काट्याचं बुश बसवायला तो गेला होता. गोदामात पोत्यांच्या मागे ताडपत्रीखाली काहीतरी बुटकं, रुंद असं पडलं होतं. व्यापाऱ्याच्या मुलानं परदेशातून येताना नव्वदच्या दशकातली ती गाडी आणली होती. जिचं नाव घेतलं की लहान पोरंही लाल रंग सांगतात, त्या घराण्यातली. पण ही गडद निळी होती. मुलगा अकाली गेला आणि बापानं तिच्यावर ताडपत्री टाकली ती टाकलीच. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, आतली बटणं उन्हाउकाड्यानं वितळून गुळासारखी चिकट झाली होती. अण्णानं पाना लावून इंजिन हातानं फिरवून पाहिलं. त्या दिवशी फोनवर तो इतकंच म्हणाला, "पुट्टी, फिरलं. स्वल्प फिरलं." मी विचारलं, काय फिरलं? मग तासभर तो बोलत राहिला. माझ्या अबोल भावाच्या तोंडून इतकं बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

व्यापाऱ्यानं गाडी त्याला दिली, आणि पुढची सहा वर्षं ती सुटी होऊन जे. पी. नगरच्या गॅरेजात जुन्या वर्तमानपत्रांवर पसरलेली होती. वैनी म्हणायची, "लोकांची गाडी लावलेली असते, आमची मांडलेली आहे." या जातीच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि तो दर काही वर्षांनी बदलावाच लागतो, नाहीतर इंजिनाचं मातेरं. इंजिन उतरवायची घोडी अण्णानं स्वतः घडवली. दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक कुठून तरी मिळवलं आणि त्याची पानं टपालानं मला पाठवू लागला. मी रात्रीचा स्वयंपाक आटोपला की त्यांचं मराठी करून पाठवायची. ते तो आपल्या जाडजूड वहीत कन्नड लिपीत उतरवून घ्यायचा. पहिल्या पानावर लाल शाईनं एकच ओळ होती: थंड असताना दुसरा नको. तेवढी ओळ माझ्या भाषांतरातली नव्हती, त्याची स्वतःची होती.

त्या ओळीचा अर्थ मला बेंगळुरूला परतल्यावर कळला. दर रविवारी सकाळी सातला तो शटर वर करायचा, भिंतीवरच्या बॅटरी चार्जरचे चिमटे सोडवायचा, इंजिन चालू करायचा आणि वीस मिनिटं स्टुलावर बसून नुसता ऐकायचा. मग आम्ही दोघं कनकपुरा रस्त्यानं जाऊन यायचो. गिअरच्या दांड्याखाली धातूची उघडी जाळी होती, तिच्यातल्या खाचांतून दांडा सरकताना टक्क असा आवाज यायचा. तेल गरम होईपर्यंत या गाड्या दुसरा गिअर घेत नाहीत. जबरदस्ती केली तर दाते खरवडतात. म्हणून अण्णा पहिल्यावरून सरळ तिसऱ्यावर जायचा, गाडी कण्हत कण्हत पुढे जायची, मागची रिक्षा हॉर्न वाजवायची. "उठल्या उठल्या कोण बोलतं का गं? स्वल्प वेळ द्यायचा." वाटेतला प्रत्येक हंप त्याला पाठ होता, कुठला तिरका घ्यायचा, कुठल्याच्या कडेला नाली आहे आणि तिथून एक चाक काढता येतं. एवढी वेगाची गाडी, आणि तिच्यातून आम्ही वरातीच्या चालीनं जायचो. मला त्या गाडीतलं काही कळत नव्हतं, पण तो त्या वेळी कसा दिसायचा ते मला कळायचं. त्या सकाळी मला फार आवडायच्या.

अशाच एका रविवारी त्यानं मला दाराची गोष्ट सांगितली. आमच्याकडे आयुधपूजेला गाड्यांची, अवजारांची पूजा होते, चाकाखाली लिंबू, पुढे कोहळा फोडायचा. गाडी जोडून पुरी झाली त्या पहिल्या वर्षी वैनीनं मोठ्या भक्तीनं डाव्या दारावर हळद-चंदनाचं स्वस्तिक काढलं. ते वाळून घट्ट बसलं. दुसऱ्या दिवशी अण्णा वर्कशॉपमध्ये असताना तिला वाटलं, आपणच पुसून ठेवावं, आणि तिनं भांडी घासायची तारेची घासणी घेतली. संध्याकाळी अण्णानं दार पाहिलं. वैनीनं विचारलं, "निघालं ना सगळं?" तो म्हणाला, "निघालं." ती माहेरी गेली तेव्हा त्यानं दार उतरवून नव्यानं रंगवलं. "तिला कशाला सांगायचं?" मला सांगताना तो हसत होता. वैनीला अजून ठाऊक नाही. पुण्याचं वर्तमानपत्र आमच्याकडे येत नाही आणि तिला देवनागरी वाचायचा कंटाळा आहे, या भरवशावर इथे लिहिते आहे.

मग कंप सुरू झाला, नेमका डाव्या हाताला. आधी कॉफीचा पेला बशीत वाजायचा, मग पुढे दांडा जाळीत चुकू लागला. टक्कच्या जागी खर्र येऊ लागलं. आवाज झाला की अण्णाचे ओठ घट्ट मिटायचे, जणू दात त्याचेच खरवडले होते. मी खिडकीबाहेर बघायची. एका रविवारी हंपावरून उतरताना त्याला तिसरा हवा होता आणि पहिला लागला. गाडी जागच्या जागी आडवी झाली. मागून येणाऱ्या रिक्षानं करकचून ब्रेक मारला; रिक्षात एक बाई होती आणि तिच्या मांडीवर तान्हं मूल. कुणाला काही झालं नाही. रिक्षावाला उतरून आला, अण्णाचे पांढरे केस पाहून फक्त म्हणाला, "नोडकोंड होगी, सर." बघून चालवा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गाडी आत घेतल्यावर तो म्हणाला, "वैनीला सांगू नकोस." मी वैनीला सांगितलं नाही. मी चित्राला सांगितलं.

चित्रा म्हणजे अण्णाची एकुलती मुलगी, कॅनडात असते. ती घाबरली, आणि घाबरलं की तिला उपाय सुचतात. गाडी विकायची. बाबांचा हात आता सुधारणार नाही, गाडी उभी राहिली तर सडेल, आणि उभी राहणार नाही, बाबा ती काढतीलच, आणि मग एक दिवस कुणाचं तरी मूल... तिचं एकही वाक्य चूक नव्हतं. तिनं अण्णाला फोनवर विचारलं, तो म्हणाला, "सरी, सरी." वैनीनं विचारलं, तेच. मी विचारलं, तेच. आमच्या घरात त्या महिन्यात इतक्यांदा सरी झालं की मोजायची सोय राहिली नाही, आणि सगळे जोडीजोडीनं. अण्णा रविवारी गाडी काढत राहिला. मी शेजारी बसत राहिले, हातात दरवाजाची मूठ घट्ट धरून.

अशा गाड्या जमवणारी माणसं देशभर एकमेकांना ओळखून असतात, आणि कुठे, कुणाच्या गॅरेजात काय आहे याची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. चित्रानं इंटरनेटवर चार ओळी टाकल्या आणि आठवड्यात पुण्याहून मिहीरचा फोन आला. चाळिशीच्या आतला, लाघवी, मला पहिल्याच वाक्यात मावशी म्हणणारा. त्याच्याकडे अशा सात गाड्या होत्या, ही आठवी. मराठी माणूस आहे, बोलणं सोपं जाईल, असं सगळ्यांना वाटलं. तो आला तेव्हा त्याच्याबरोबर एक तपासनीस होता. त्यानं एक लहानसं यंत्र प्रत्येक पत्र्याला टेकवत रंगाची जाडी मोजली. मूळ रंग असला तर गाडीला मान, नंतरचा असला तर कमीपणा. अण्णा स्टुलावर बसून बघत होता. डाव्या दाराशी यंत्र थांबलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा थांबलं. "काका, हे दार रिपेंट आहे का? काय झालं होतं?" वैनी नेमकी तेव्हाच कॉफीचा ट्रे घेऊन दारात आली होती. अण्णानं तिच्याकडे पाहिलंही नाही. "मीच आपटलं होतं की. भिंतीला," तो म्हणाला. ज्यानं कधी त्या गाडीला पेन्सिलीनंही ओरखडा काढला नाही, त्यानं. मी त्याच्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर घरच्या बाईला खाली बघायला लावायचं नाही, ही वडिलांची शिकवण. तिच्यापायी त्यानं गाडीची आणि स्वतःची अब्रू एकदमच देऊन टाकली होती. हे मी पाहिलं, मला कळलं, आणि अर्ध्या तासानं मी ते वापरलं.

कारण मग आम्ही आत दिवाणखान्यात बसलो. मिहीरनं किंमत सांगितली, ती चांगली होती. अण्णा त्याच्याकडे न बघता स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता. हात गुडघ्यावर थरथरत होता आणि त्यानं उजव्या हातानं तो दाबून धरला होता. मिहीर म्हणाला, "मग काका, नक्की करूया ना? पुढच्या शनिवारी येऊन घेऊन जातो." अण्णा म्हणाला, "सरी, सरी." मिहीरनं माझ्याकडे बघितलं. "मावशी, म्हणजे?"

वैनी स्वयंपाकघरात होती, खोलीत आम्ही चौघंच होतो. पंखा फिरत होता. मला रिक्षातलं ते मूल दिसलं, चित्राचा आवाज आठवला, आणि हेही कळलं की अण्णा गाडी विकायला एकदाच 'सरी' असं आयुष्यात कधी म्हणणार नाही... कुणीतरी ते त्याच्याऐवजी म्हणायला हवं. मी म्हणाले, "हो म्हणतोय."

अण्णानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मी तो इथे लिहून मोकळी झाले असते. लहानपणी मी वडिलांच्या काट्याची वजनं हरवली आणि त्यानं मार खाल्ला, तेव्हा त्यानं असंच पाहिलं होतं: हे तू केलंस, ते मला ठाऊक आहे, आणि मी ते सांगणार नाही. पाहुण्यासमोर तो माझा शब्द खाली पडू देणार नव्हता. मला ते माहीत होतं. चाळीस वर्षं भाषांतर केलेल्या बाईची ही चूक नव्हती. पुण्याला जाऊन मी आमची भाषा विसरले म्हणून असं झालं, असं मी काही दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं आहे. मला दोन सरींचा अर्थ येत होता.

शनिवारी ट्रक आमच्या गल्लीत शिरेना, म्हणून गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत न्यायची ठरली. अण्णानं आदल्या दिवशी ती धुतली होती. मूळ अवजारांची पेटी, दोन्ही किल्ल्या, सगळी कागदपत्रं त्यानं एकेक करून मिहीरच्या हातात दिली, आणि शेवटी ती वही. मिहीरनं उघडली, पानं चाळली. "मावशी, हे सगळं कन्नडमध्ये आहे का?" "नाही," मी म्हणाले, "मराठीच आहे." तो हसला, त्याला ती गंमत वाटली. अण्णानं लाल ओळीवर बोट ठेवलं आणि पुण्याच्या माणसाला कळावं म्हणून सावकाश, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, "थंड असताना दुसरा गिअर घेऊ नका." मिहीर म्हणाला, "डोन्ट वरी, काका." गाडी शटरमधून बाहेर पडली, गल्लीत वळली, आणि कोपऱ्यावर खर्र असा आवाज आला. अण्णा तोवर घरात गेला होता. पण खिडकी उघडी होती.

त्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी सातला गेले नाही. मला वाटलं, त्याला झोपू द्यावं. वैनीनं नंतर सांगितलं की तो नेहमीच्या वेळी उठला, शटर अर्धं वर केलं, आणि वीस मिनिटं स्टुलावर बसला. मग प्रत्येक रविवारी. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, सवय आहे, हळूहळू जाईल. चित्रा रोज फोन करायची, तिच्या आवाजात मोकळेपणा आला होता. महिन्याभरात तिनंच घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला: गाडी पुण्यात एका काचेच्या खोलीत, पांढऱ्या फरशीवर, वरून दिवे. मिहीरनं खाली लिहिलं होतं की आता ही चालणार नाही, हिचे किलोमीटर इथेच गोठवले आहेत, बेंगळुरूच्या एका वयस्क शौकिनानं जपलेला नमुना. अण्णानं फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "मागच्या डाव्या टायरात हवा कमी आहे." पुण्याला फोन करून सांगायचं का, असं मी विचारलं. त्यानं फोन पालथा ठेवला.

शेवटी एका रविवारी मी गेलेच. स्टुलाशेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले. समोर फरशीवर चार चाकांचे फिकट डाग होते, मधोमध तेलाचा ट्रे, कोरडा, पुसलेला. इतक्या दिवसांत मी हजार वेळा मनात जुळवलेलं वाक्य होतं, पण तोंडातून आलं ते भलतंच. एखाद्या अपराधी पोरीसारखं, त्यानंच मला सोडवावं म्हणून. मी म्हणाले, "अण्णा, तू तेव्हा हो म्हणाला होतास ना?" त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. डावा हात थरथरत होता, तो त्यानं उजव्या हाताखाली घेतला. "सरी, सरी," तो म्हणाला. मग मला विचारलं, कॉफी घेतलीस का? ती आमची गाडीविषयीची शेवटची बोलणी. पुढच्याच रविवारी वैनीचा फोन आला.

त्यानं मला माफ केलं की गप्प केलं, हे मला आता कधीच कळणार नाही. मी ठीक केलं असं सगळे म्हणतात. एक तान्हं मूल कुठेतरी बेंगळुरूत वाढतं आहे आणि त्यासाठी तरी ठीकच केलं, असं मीही म्हणते, काही दिवस सकाळी तर म्हणतेच. पण त्याच्या आयुष्यात जे एकमेव त्याच्या मालकीचं होतं ते सोडायचं की नाही, एवढा एक शब्द त्याचा त्यानं बोलायचा होता. आम्ही वाट पाहिली नाही. स्वल्प वेळ द्यायचा होता... मी दिला नाही.

गेल्या रविवारी वैनी आणि मी गॅरेज आवरायला घेतलं. तिनं स्टूल आत नेलं, डबे, चिंध्या, घोडी एका बाजूला लावली. भिंतीवर चार्जर तसाच होता, चालू. गाडी जोडलेली असली की त्याचा दिवा हिरवा असायचा. चिमट्यांना काही जोडलेलं नसलं की लाल होऊन लुकलुकतो. सोळा आठवडे तो तसाच लुकलुकत होता. अण्णा दर रविवारी त्याच्यासमोर बसायचा आणि त्यानं तो बंद केला नव्हता. चिमटे फरशीवर व्यवस्थित शेजारी शेजारी ठेवलेले होते, बरोबर जिथे गाडीचं तोंड यायचं तिथे. वैनीनं हात बटणाकडे नेला आणि विचारलं, "हे काढून ठेवू का गं? उगाच वीज जाते."

मी म्हणाले, "सरी, सरी."

वैनीनं माझ्याकडे पाहिलं. सेहेचाळीस वर्षं ती त्या शब्दाबरोबर राहिली आहे. तिनं हात मागे घेतला, पदराला पुसला, आणि कॉफी टाकायला आत गेली.